मारका बैल, लंगडा घोडा आणि सुटणारा गिअर

ज्या वस्तूतला दोष आपल्याला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला ठाऊक नाही, त्या वस्तूविषयी आपले कर्तव्य काय? हा प्रश्न ऐकताना तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटतो. परंतु तो सोडवावा लागतो तो शेताच्या बांधावर, गॅरेजच्या दारात आणि बाजाराच्या गर्दीत. म्हणून त्याचा विचार हवेत करण्यापेक्षा हाताला लागणारी एखादी वस्तू समोर ठेवून करावा, असे आम्हास वाटते. आम्ही येथे एक जुना ट्रॅक्टर घेतला आहे. त्याची खोड एकच. चालता चालता त्याचा गिअर सुटतो.

हा ट्रॅक्टर आम्ही हिंगोली जिल्ह्यात उभा करतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत अशा पाच तालुक्यांचा हा जिल्हा. संत नामदेवांचे नरसी येथलेच. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा आणि हळद ही येथली पिके. कारखान्यांच्या धुराड्यांनी ओळखला जावा असा हा प्रदेश नव्हे. येथे यंत्रयुग आले ते मुख्यतः ट्रॅक्टरच्या रूपाने. भारतात ट्रॅक्टरचे उत्पादन १९५९ साली फरिदाबादेत आयशरने सुरू केले, आणि १९७४ साली संपूर्ण देशी आराखड्याचा 'स्वराज' पंजाबातून बाहेर पडला. तेव्हापासूनच्या या साठ-पासष्ट वर्षांत ट्रॅक्टर बैलासारखाच हातोहाती फिरू लागला आहे. एका घरी नवा आलेला ट्रॅक्टर दुसऱ्या घरी जुना होऊन जातो, तिसऱ्या घरी आणखी जुना होऊन. त्याच्याबरोबर त्याच्या खोडीही घरे बदलतात.

दोष कोठे असतो

नीतीचा विचार करण्यापूर्वी गिअर का सुटतो हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण दोषाचे स्वरूप कळल्याशिवाय त्याविषयीचे कर्तव्य कळत नाही.

चालकाच्या हातातली दांडी हलली की गिअरबॉक्सच्या आतला एक दांडा पुढे-मागे सरकतो. त्या दांड्यावर दोन बोटांसारखा शिफ्टर बसवलेला असतो. तो गिअरच्या खाचेत अडकून त्याला सरकवतो आणि दात दातांत बसतात. सरकलेला दांडा जागेवर राहावा म्हणून त्याच्यावर बारीक खाचा असतात, आणि वरून एका स्प्रिंगने दाबलेली पोलादी गोळी त्या खाचेत बसते. एवढ्या मोठ्या यंत्राला हजारो किलो वजन ओढताना जागेवर राहण्यासाठी जी राखण लागते, तिच्यात या चिमुकल्या गोळीचा वाटा आहे.

गिअर सुटण्याची कारणे बाहेरून आत मोजत जावीत. कधी दांडीच्या बुडाचा बुश झिजलेला असतो, किंवा दांडी वाकून पायाखालच्या पत्र्याला अडते. मग गिअर पुरता बसतच नाही. कधी स्प्रिंग मऊ पडते वा तुटते, गोळी झिजते, खाचेची कड गोल होते. कधी शिफ्टर वाकतो किंवा त्याची बोटे पातळ होतात. कधी शाफ्टच्या बेअरिंगमध्ये खेळ येतो आणि समोरासमोर राहावयाचे दोन गिअर तिरके होतात. सर्वांत आतले कारण म्हणजे दातच निमुळते झालेले असतात. असे दात एकमेकांना धरण्याऐवजी एकमेकांना दूर लोटतात. जितका भार अधिक, तितका लोटण्याचा जोर अधिक. अशा वेळी नवी स्प्रिंग घातली तरी ती बिचारी किती दिवस झुंजणार?

जाणता मिस्त्री म्हणून आधी पान्याला हात घालत नाही. तो प्रश्न विचारतो. एकच गिअर सुटतो की सगळे? भार ओढताना सुटतो की उतारावर रेस कमी केल्यावर? हळूहळू सुरू झाले की एकदम? एकच गिअर सुटत असेल तर दोष बहुधा त्या गिअरच्या दातांत, शिफ्टरमध्ये वा खाचेत. अनेक सुटत असतील तर बेअरिंग, शाफ्ट किंवा जोडावरचे सैल बोल्ट यांचा संशय घ्यावा. मग तो दांडी पाहतो, वरचे कव्हर काढून स्प्रिंग आणि गोळी पाहतो, तेल काढून त्यात लोखंडाचा चुरा आहे का ते बोटांत चोळून पाहतो. एवढ्याने उलगडा झाला तर काम थोडक्यात भागते. नाही झाला, तर ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो. आणि तेथे शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण त्यात पैसा जातो आणि दिवस जातात.

बांधलेली दांडी

या पैशाच्या आणि दिवसांच्या भीतीपोटी एक तिसरा मार्ग निघतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापतात आणि गिअरची दांडी सीटच्या बाजूला ताणून बांधून टाकतात. किंवा चालक एका हाताने स्टिअरिंग धरतो आणि दुसऱ्या हाताने दिवसभर दांडी दाबून ठेवतो. गिअर सुटणे थांबते. काम चालू राहते. मालकाला वाटते, दोष गेला.

दोष गेलेला नसतो. त्याचे फक्त दिसणे गेलेले असते. आत काय चालते पाहा. दांडी सतत ताणलेली, म्हणून शिफ्टरची बोटे फिरत्या गिअरच्या कडेवर सतत घासतात. त्यांचे काम गिअर सरकवून बाजूला होण्याचे. त्यांना आता अहोरात्र पहारा द्यावा लागतो. ती तापतात, झिजतात, त्यांचा चुरा तेलात मिसळतो, आणि तेच तेल चांगल्या दातांवर फिरते. म्हणजे जो उपाय आपण दोष झाकण्यासाठी केला, तोच दोष वाढवीत राहतो. आमच्या वाचकांना येथे यंत्राबाहेरची काही उदाहरणे आठवली तर त्यात नवल नाही. घरातले अनेक जुने तंटे आपण असेच ट्यूबच्या पट्टीने बांधून ठेवलेले असतात.

तरीही एवढ्यावरून पट्टी बांधणे हे पाप आहे, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या वस्तूचे नुकसान करून घेण्याचा मूर्खपणा आणि दुसऱ्याला धोक्यात घालण्याचा अन्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्न नैतिक होतो तो ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली लागते तेव्हा.

उतारावर भरलेली ट्रॉली घेऊन जाताना ट्रॅक्टरला धरून ठेवण्याचे मोठे काम इंजिन करीत असते. गिअर सुटला की इंजिनाची पकड गेली. आता उरले फक्त ब्रेक, आणि तेही ट्रॅक्टरचे; कारण अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. मागचे ओझे पुढच्या यंत्राला ढकलू लागते. जुन्या बांधणीच्या गिअरबॉक्समध्ये वेग घेतलेल्या ट्रॅक्टरला पुन्हा गिअर घालणे जवळजवळ अशक्य असते. विचार करायला चालकाला काही क्षण मिळतात. कधी तेही मिळत नाहीत.

आणि ट्रॉलीत कोण असते? ट्रॉली माल वाहण्यासाठी असते, माणसे नेण्यासाठी नव्हे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण हळदीच्या काढणीला, सोयाबीनच्या कापणीला मजुरांच्या टोळ्या तिच्यातूनच जातात. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातल्या गुंज येथील शेतमजूर स्त्रियांना कामावर घेऊन निघालेला ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातील आलेगावच्या शिवारात ट्रॉलीसकट विहिरीत कोसळला. ७ स्त्रिया मृत्यू पावल्या. तिघांनाच वाचवता आले. ही घटना आम्ही सुटलेल्या गिअरचा दाखला म्हणून देत नाही. ट्रॅक्टरमागे जे ओझे असते ते कधी कधी सकाळी भाकरी बांधून निघालेल्या बायाबापड्यांचे असते, एवढीच आठवण ठेवावी म्हणून देतो.

ही आठवण ठेवली म्हणजे एक फार जुना नियम नव्याने समजतो. निर्गम ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयीचा कायदा आहे. बैलाने कुणाला शिंग मारून ठार केले, तर बैल मारावा, मालक निर्दोष समजावा. पण बैल आधीपासून मारका असेल, मालकाला तशी सूचना मिळालेली असेल आणि तरीही त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर मालकही दोषी. बैल तोच, शिंग तेच, मेलेला माणूसही तसाच; फरक पडला तो फक्त मालकाला ठाऊक असण्याने. ज्ञान हे केवळ डोक्यात ठेवण्याची वस्तू नाही. ते खांद्यावर येणारे ओझे आहे, हे तीन हजार वर्षांपूर्वीच्या पशुपालकांना कळले होते. ज्याने दांडीला पट्टी बांधली, त्याने आपल्याला सूचना मिळाल्याचा पुरावाच ट्रॅक्टरवर बांधून ठेवला आहे.

वाफसा थांबत नाही

येथे हिंगोलीचा शेतकरी आम्हाला अडवील, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, तुमचे सगळे खरे. पण मृगाचा पाऊस पडून रानाला वाफसा आला की तो दोन-चार दिवसांचा असतो. त्या दिवसांत पेरणी झाली तर वर्ष साधले; नाही तर बियाणे, खत आणि उसनवारी सगळेच गेले. त्या दिवसांत ट्रॅक्टर उघडून ठेवायला सांगणाऱ्यांनी कधी कर्जावर शेती केलेली नसते.

या आक्षेपात वजन आहे. गरिबी ही केवळ पैशाची उणीव नव्हे. योग्य गोष्ट योग्य वेळी करण्याची उसंत नसणे हीसुद्धा गरिबीच आहे. ज्यांच्याकडे दोन ट्रॅक्टर आहेत त्यांना एक उघडून ठेवणे सोपे. म्हणून कर्तव्याचा विचार करताना सर्वांना एकच काठी लावणे न्यायाचे होणार नाही.

परंतु आक्षेपाचे वजन नेमके किती, हेही तोलून पाहावे. वाफशाची घाई आहे ती पेरणीला. उतारावरून माणसांनी भरलेली ट्रॉली नेण्याला वाफशाची सबब लागू पडत नाही. तिसरा गिअर सुटत असेल तर सपाट रानात दुसऱ्या गिअरवर पेरणी होते. दिवसाला एकर-दोन एकर कमी होईल, पण होते. चालकाला दोष सांगून, ट्रॉली न लावता, उतार टाळून ट्रॅक्टर चार दिवस चालवणे आणि पेरणी संपताच तो मिस्त्रीकडे नेणे, यात आम्हाला अनीती दिसत नाही. तात्पुरता उपाय अनैतिक ठरतो तो तीन कारणांनी: त्याचा धोका दुसऱ्यावर पडत असेल तर; त्या दुसऱ्याला धोका ठाऊक नसेल तर; आणि त्या तात्पुरतेपणाला शेवटची तारीखच नसेल तर. पेरणीपर्यंत म्हणून बांधलेली पट्टी जेव्हा कापणीलाही असते आणि पुढच्या पाडव्यालाही असते, तेव्हा तिला तात्पुरती म्हणणे हे स्वतःशी बोललेले खोटे असते.

दुसऱ्याला ठाऊक असणे, यावरही थोडे थांबले पाहिजे. ट्रॅक्टर चालवणारा पुष्कळदा मालक नसतो. पाडव्याला वर्षाची बोली करून राहिलेला सालगडी असतो. गिअर सुटतो हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते; दिवसभर दांडी दाबून त्याचाच हात दुखत असतो. मग त्याची संमती आहे, असे म्हणावे काय? ज्याने उचल घेतली आहे त्याचे 'होय मालक' आणि स्वतंत्र माणसाचे 'होय' यांत अंतर आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराआड लपू नये.

मिस्त्रीचे तोंड

दोष ठाऊक असणारा आणखी एक माणूस आहे, आणि तो म्हणजे मिस्त्री. मालक म्हणतो, "एवढा हंगाम निघेल असे करून द्या." मिस्त्रीने वरचे कव्हर काढले, तर त्याला दात निमुळते झालेले दिसले. नवी जाड स्प्रिंग टाकली की काही दिवस गिअर सुटणार नाही, मालक खूष होईल, पैसे मिळतील. त्याने काय करावे?

त्याने स्प्रिंग टाकू नये, असे आम्ही म्हणत नाही. मालकाच्या ऐपतीचा निर्णय मालकानेच घ्यायचा असतो. पण काय पाहिले ते त्याने स्पष्ट सांगितले पाहिजे: स्प्रिंगने दोष जाणार नाही, दात गेले आहेत, भार आला की पुन्हा सुटेल, ट्रॉलीला लावू नका. जमल्यास हे बिलावर लिहून द्यावे. कारागिराच्या हाताला जशी नीती आहे, तशी त्याच्या तोंडालाही आहे. गिअरबॉक्स ही बंद पेटी आहे. तिच्यात डोकावण्याचे कसब थोड्यांना असते, आणि ज्याला ते आहे तो इतरांच्या डोळ्यांच्या जागी उभा असतो. त्याने पाहून न सांगणे म्हणजे त्या डोळ्यांनी मिटून घेणे होय. उलट बाजूनेही हेच खरे. केवळ स्प्रिंगने भागत असता 'गिअरबॉक्स उघडावा लागेल' म्हणणारा मिस्त्रीही त्याच बंद पेटीचा गैरफायदा घेतो.

विकताना काय सांगावे

आता प्रश्नाचा सर्वांत अवघड भाग. दुरुस्तीला पैसे नाहीत, म्हणून मालक ट्रॅक्टर विकायला काढतो. गिऱ्हाईक येते. रिकामा ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर फिरवून पाहते. भार नसल्याने गिअर सुटत नाही. पट्टी आधीच काढून ठेवलेली. जाड तेल भरले असेल तर आवाजही दबलेला. गिऱ्हाईक विचारते ते टायरचे, हायड्रॉलिकचे, कागदपत्रांचे. गिअरविषयी ते विचारीत नाही. मालक गप्प बसतो. त्याने खोटे बोलले काय?

बैलांच्या बाजारात हा प्रश्न ट्रॅक्टरच्या फार आधीपासून आहे. बैलाचे दात पाहता येतात, चाल पाहता येते. पण तो भर औतात बसकण मारतो की नाही, हे विकणाऱ्यालाच ठाऊक असते. त्याहून जुना प्रश्न सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ साली कर्तव्यांवर लिहिलेल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन तेथे पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. बेटावरच्या लोकांना नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? डायोजिनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, कायद्याने सांगावे लागते तेवढे सांगावे. बाकी गप्प राहणे म्हणजे फसवणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सर्व माणसे एकाच समाजाची. त्यांच्या हिताचे ते त्यांच्यापासून लपवता येत नाही. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा'मध्ये हाच प्रश्न बाजारातल्या खरेदी-विक्रीच्या प्रकरणात घेतला. त्यांचे उत्तर सिसेरोपेक्षा अधिक बारकाईचे आहे आणि आमच्या ट्रॅक्टरला अधिक उपयोगी आहे. ते दोषांचे दोन भाग करतात. जो दोष उघड दिसतो, उदाहरणार्थ घोड्याला एकच डोळा असणे, तो तोंडाने सांगण्याची सक्ती नाही. मात्र त्या मानाने किंमत कमी घेतली पाहिजे. पण जो दोष झाकलेला आहे आणि ज्याने घेणाऱ्याचे नुकसान होईल वा जीव धोक्यात येईल, तो सांगितलाच पाहिजे. लंगडा घोडा चपळ म्हणून, मोडकळीस आलेले घर मजबूत म्हणून, नासलेले अन्न चांगले म्हणून विकणे, ही त्यांची उदाहरणे. मग विक्रेत्याने आपल्या मालाची बदनामी दवंडी पिटून करावी काय? त्याचीही सक्ती नाही, असे ते म्हणतात. दवंडी ऐकून गिऱ्हाइके दारापर्यंतही येणार नाहीत आणि त्या वस्तूचे चांगले गुण कुणी पाहणारच नाही. जो विकत घ्यायला पुढे येईल, त्याला एकट्याला सांगावे, म्हणजे तो गुण आणि दोष दोन्ही तोलून पाहील. आणि विक्रेत्याला दोष ठाऊकच नसेल तर तो पापी नाही. पण नंतर कळल्यावर त्याने भरपाई केली पाहिजे.

ऱ्होड्सच्या व्यापाऱ्याविषयी मात्र संत थॉमस सिसेरोइतके कठोर नाहीत. मागची जहाजे ही पुढे घडणारी गोष्ट आहे, त्याच्या धान्यातला दोष नव्हे; म्हणून सांगितले तर तो अधिक सद्गुणी, न सांगितले तर अन्यायी नव्हे. हा भेद नीट पाहावा. पुढच्या वर्षी ट्रॅक्टरचे भाव पडतील असा आपला अंदाज गिऱ्हाइकाला सांगण्याचे बंधन नाही. गिअर सुटतो हे सांगण्याचे आहे. कारण तो दोष त्याच वस्तूच्या पोटात आहे, आणि तो वस्तूबरोबर दुसऱ्याच्या घरी जाणार आहे.

आपल्या देशाचा कायदा याबाबत काय म्हणतो, हेही पाहण्यासारखे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे, आणि तेथेही दाखल्याला घोडाच आहे. लिलावात सदोष घोडा विकणारा गप्प बसला, तर ती फसवणूक नव्हे. पण घेणारी व्यक्ती विक्रेत्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य होते. आणि घेणारा जर म्हणाला, की तुम्ही नाही म्हटले नाही तर मी घोडा निर्दोष समजेन, तर त्यानंतरचे गप्प बसणे हे बोलण्याइतकेच धरले जाते.

आम्हाला यातला दुसरा दाखला फार विचार करायला लावतो. घोडा तोच आहे. मुलीला सांगावे लागते, परक्याला नाही. कायदा येथे चुकला असे आम्ही म्हणत नाही. माणसांचा कायदा सद्गुणाविरुद्धच्या प्रत्येक गोष्टीला शिक्षा करू शकत नाही, तो समाज टिकवण्यापुरतेच मागतो, हे संत थॉमस यांनीही मान्य केले आहे. पण कायद्याने नकळत एक कबुली देऊन टाकली आहे: दोष सांगावा की नाही हे वस्तूवर ठरत नाही, समोरच्याला आपण कोण मानतो यावर ठरते. आणि ख्रिस्ती माणसाला तर 'माझा शेजारी कोण' हा प्रश्न कधीचाच विचारून झाला आहे आणि त्याचे उत्तरही मिळाले आहे. जे मुलीला सांगितल्यावाचून राहवत नाही, ते परक्याला सांगणे, हाच त्या उत्तराचा बाजारातला अर्थ. शिवाय त्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसणाऱ्याही कुणाच्या तरी मुलीच आहेत.

घेणाऱ्याचेही कर्तव्य

एवढे सांगून लेख संपवला, तर तो अर्धवट ठरेल. कारण खरे बोलण्याची सगळी किंमत आम्ही एकट्या विक्रेत्याच्या, म्हणजे बहुधा अडलेल्या माणसाच्या, माथी मारलेली असेल. व्यवहारात असे होते की, मालक प्रामाणिकपणे म्हणतो, "तिसरा गिअर सुटतो बरं का". आणि गिऱ्हाईक लगेच भाव निम्म्यावर आणते. दुरुस्तीला जेवढे लागेल त्याच्या कितीतरी पट ते कापून घेते. शेजारच्या गावचा गप्प बसलेला मालक मात्र पूर्ण दाम घेऊन घरी जातो. अशा बाजारात प्रामाणिकपणा शिकवायला निघालेल्यांनी आधी घेणाऱ्याला शिकवावे. ज्याला खरे सांगितले गेले, त्याने त्या खऱ्याचा गळा दाबू नये. दोषाची वाजवी किंमत कापावी, त्यापेक्षा अधिक कापणे म्हणजे विक्रेत्याच्या सचोटीवर दंड बसवणे होय.

गावाचेही काही कर्तव्य आहे. आपल्याकडे पूर्वी इर्जिक होती. ज्याचे औत मोडले, ज्याचा बैल बसला, त्याच्या रानात इतरांनी आपापले बैल घेऊन जावे आणि एका दिवसात काम उरकून द्यावे. मालकाने जेवण घालावे. त्यात उपकार नव्हता. आज त्याचे, उद्या आपले, एवढाच हिशेब होता. बैल गेले आणि भाड्याचा ट्रॅक्टर आला, तशी इर्जिकही बरीचशी गेली. वाफशाच्या दिवसांत ज्याचा गिअरबॉक्स उघडून पडला आहे, त्याचे रान शेजाऱ्याने डिझेलच्या खर्चात पेरून दिले, तर तो मोडका ट्रॅक्टर रस्त्यावर आणणारच नाही. कर्तव्य पाळणे ज्याला परवडत नाही, त्याला दोष देण्यापूर्वी ते परवडण्याजोगे करणे ही इतरांची जबाबदारी आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ट्रॅक्टर नाही. पण स्कूटर आहे, जिचा ब्रेक मधूनच लागत नाही. विकायला काढलेली खोली आहे, जिच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि जी म्हणून उन्हाळ्यातच दाखवली जाते. मुलामुलीचे लग्न जुळवताना न सांगितलेला आजार आहे. या प्रत्येक ठिकाणी तेच तीन प्रश्न विचारता येतात: धोका कुणावर पडणार, त्याला तो ठाऊक आहे का, आणि ही झाकपाक केव्हा संपणार. ज्याला या प्रश्नांची उत्तरे मोठ्याने देता येतात, त्याने निश्चिंत असावे. ज्याला ती पुटपुटावी लागतात, त्याने दांडीची पट्टी सोडून पेटी उघडावी, हे बरे. आत काय आहे ते पाहिल्यावर काम कधी कधी वाटले होते त्याहून थोडके निघते. एक स्प्रिंग आणि एक गोळी, एवढेच. आणि थोडके निघाले नाही, तरी दोष कोठे आहे हे निदान चालवणाऱ्याला, बसणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखेच ठाऊक होते.